आक केलेल्या मुलीचा सलाम

अब्बा, सलाम. मुलीच्या सलामाला जबाब द्यायचा नसेल, तर निदान मुसलमानाच्या सलामाला तरी जबाब द्या.

काल कामरगावहून तुमचा लेक सादिकभाई आला. पाण्यालाही हात न लावता म्हणाला, "कुलसुम, अब्बाचं काही खरं नाही आता. हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही कर, मंग ते तुह्यावरचा आक वापस घेतात."

तुम्ही ठरवलेल्या दुजवराशी निकाह कबूल आहे का, हे साक्षीदार विचारायला आले, तेव्हा मी 'कबूल नाही' म्हणाले. मुलीला विचारावं, हा हुकूम अल्लाचाच ना? तरी तुम्ही मशिदीसमोर 'ही माझी कुणी नाही' म्हणत मला आक केलं. गावाला वाटलं, पोरीचं नाव वारसांतून कटलं. मलाही इतकी वर्षं तेच वाटत होतं.

भाईला म्हटलं, "मी आक आहे, तर माहा हिस्सा उरलाच कसा? मंग कागद कायले पाह्यजे तुले?" तो चपला शोधू लागला.

संध्याकाळी मौलवीसाहेबांना विचारलं. म्हणाले, आक म्हणजे फक्त नाफर्मान, न ऐकणारी. अल्लाने ठरवलेला हिस्सा बापाच्या बोलण्याने जात नाही.

हे पत्र टाकणार नाही. तुम्हाला आता दिसत नाही. वाचून दाखवणार भाई, तेही त्याच्या सोयीपुरतं. पाकिटाचे पैसे कशाला घालवू?

हिस्सा शाबूत आहे, अब्बा. प्रत्येक नमाजेनंतर तुमच्यासाठी दुआही मागते. नाफर्मान मुलीची दुआ बापाला पोचते का, एवढं मात्र मौलवीसाहेबांना विचारायचा धीर झाला नाही.

तुमचीच,
कुलसुम
मालेगाव