घुबडाची गोळी पडेना

२ फेब्रु., उंब्रज
ऊसतोडीत घुबड सापडलं. पंख दुखावलाय. वनरक्षक म्हणाले, सांगलीला न्यायला गाडी आठ तारखेला, तोवर "तुमीच सांभाळा, फौजी." मंदा, म्हणजे आमची ही: "आवं, घुबड घरात नगं." गोठ्यात ठेवलं.

३ फेब्रु.
कोंबडी आणली. चामडं, हाडं काढून लुसलुशीत तुकडे दिले. बावीस वर्षं पलटणीत स्वयंपाकी होतो, मला काय शिकवायचं. खाल्लं गड्यानं.

५ फेब्रु.
खातंय, पण छातीचं हाड हाताला टोचतंय. सांगलीच्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन. झापलंच. "उंदीर अख्खा लागतो त्याला. नुसतं मांस पुरत नाही. केस-हाडांची गोळी करून ओकतं ते. आणि गोळी पडेपर्यंत दुसरा उंदीर द्यायचा नाही." लय राग आला. खरं बोलल्या म्हणून जास्तच.

६ फेब्रु.
शेजारच्या दत्ताच्या शेडात सापळ्यात उंदीर घावला. विचारलं, "औषध घातलंयस का रं?" "न्हाई." घुबडानं सकाळी सातला अख्खा गिळला.
संध्याकाळी दत्ताची बायको: "मागल्या आठवड्यात घातलं व्हतं की." म्हणजे उंदीर विष खाल्लेला असू शकतो. दत्ताला नको ते बोललो.

७ फेब्रु.
दुपार झाली. गोळी नाही. डॉ. म्हणाल्या, पोटभर मिळणारं घुबड गोळी लवकर टाकतं. उपाशी असलेलं धरून ठेवतं, पुढचं मिळेल याचा भरवसा नसतो, हाडंसुद्धा विरघळवून त्यांचा कस काढतं. "विषाचं असेल तर दिसायला चार-पाच दिवस. रक्त दिसलं तर लगेच फोन करा."
म्हणजे भुकेनं अडलंय की विषानं, कळायला मार्ग नाही. काहीही असलं तरी माझ्याच हातचं. मंदा म्हणाली, जेवा तरी. नाही गेलं.

८ फेब्रु.
गाडी उद्यावर गेली.
दुपारी गोळी पडली. काळी, ओली, अंगठ्याएवढी. रक्त नाही. काडीनं उकलली. केस सगळे. हाडं जवळजवळ नाहीतच, दोन दात तेवढे. अख्खा उंदीर विरघळवलाय. तीन दिवस मी कोंबडी वाढत होतो आणि हे उपाशी होतं. गोठ्यात बसून रडलो. लिहून ठेवतो.
दुसरा उंदीर ओढ्याकाठच्या पडीक रानातला. तिथं कुणी औषध टाकत नाही म्हणतात. म्हणतात. अर्धा तास हातात धरून उभा. घुबड एकदा उंदराकडं बघतंय, एकदा माझ्याकडं.
मंदा दारातनं म्हणाली, "द्या आता."
दिला. शेपूट आत गेलं तसं पुढच्या गोळीसाठी घड्याळ बघितलं. ४.१०.