त्रुटीपत्रावर एकाऐवजी बारा ओळी मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
बांधकाम परवानगी विभाग,
नगरपालिका कार्यालय, दुसरा मजला.

विषय : परवानगीच्या अर्जातील सर्व त्रुटी एकाच पत्राने कळवण्याबाबत.

संदर्भ : (१) ‘परवानगीची पद्धत सोपी करण्यासाठी नागरिकांनी लेखी सूचना द्याव्यात’ हा जिन्याजवळचा फलक. (२) अर्जदारास आलेली अकरा त्रुटीपत्रे.

अर्जदार : शिवणयंत्रे दुरुस्त करणारा, वय एकसष्ट, राहणार स्वतःच्या दुकानावर.

महोदय,

सदर फलक अर्जदाराने आपल्या बाकावर ताटकळत इतक्या वेळा वाचला आहे की तो आता तोंडपाठ झाला आहे. त्यास अनुसरून पुढील हकीकत सादर आहे.

१. अर्जदाराचे दुकान खाली, घर वर आणि मधे बाहेरून सतरा पायऱ्या. घरात तो आणि त्याची थोरली विधवा बहीण, अक्का. दुरुस्त झालेले प्रत्येक यंत्र अक्का चालवून पाही, मगच ते गिऱ्हाइकाला जाई. पुढे तिचे गुडघे गेले. दुकानामागे बारा फूट बाय नऊ फूट मोकळी जागा आहे. तिथे न्हाणीघरासह एक खोली बांधावी म्हणून अर्जदाराने सव्वादोन वर्षांपूर्वी नकाशासह अर्ज केला. खोलीच ती, राजवाडा नव्हे.

२. सात आठवड्यांनी पत्र आले. त्यात एकच ओळ : ‘नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही.’ अर्जदाराने उत्तर दिशा दाखवली. पुन्हा सात आठवडे. ‘शेजारच्या भिंतीपासूनचे अंतर आकड्यात लिहिलेले नाही.’ लिहिले. मग सांडपाण्याच्या नळाचा उतार. मग खिडकीची उंची. मग सही काळ्या शाईत आहे, निळ्या शाईत हवी. दर खेपेस नकाशे काढणारा नवी प्रत काढून देई आणि म्हणे, “आता काही राहिलं नसणार.” सहाव्या खेपेनंतर त्याने असे म्हणणे सोडून दिले.

३. या काळात अक्काचे खाली येणे आधी आठवड्यातून एकदा आणि मग अजिबात बंद झाले. अर्जदार यंत्र जिन्याच्या तोंडाशी आणून चालवी. ती वरच्या पायरीवर बसून नुसत्या आवाजावरून सांगे, “सुईचा दांडा घासतोय. परत उघड.” ती कधी चुकली नाही. पावसापाण्याचे मात्र तिला तिथे बसता येत नसे. त्या दिवसांत ती कोणाशी फारशी बोलत नसे.

४. अकरावे पत्र घेऊन अर्जदार कार्यालयात आला तेव्हा भांडायचे ठरवूनच आला होता. तपासणीच्या टेबलावर ज्या बाई बसतात त्यांच्या दोन्ही बाजूंना फाईलींचे ढीग होते. त्याने विचारले, “बाई, हे सगळं पहिल्याच दिवशी दिसलं नव्हतं का तुम्हाला?”

बाईंनी त्याची फाईल काढली आणि आतले पान उलटून त्याच्यापुढे धरले. तिथे पेन्सिलीने, बारीक सुबक अक्षरात, अकराही त्रुटी लिहिल्या होत्या. तारीख पहिल्या आठवड्याची होती.

“छापील कागदावर त्रुटीसाठी एकच ओळ आहे, काका,” त्या म्हणाल्या. “संगणकातही तेवढीच चौकट. एक लिहिली की फाईल पुढे जाते. दुसरी लिहायला ती फिरून माझ्याकडे यावी लागते.”

“मग वर सांगायचं.”

“दोनदा लिहून दिलं. सूचना विहित नमुन्यात नाही म्हणून परत आलं.”

अर्जदाराला आता फक्त बसावेसे वाटले. बाईंनी खुर्चीवरच्या फाईली उचलून जागा करून दिली.

५. त्या दिवशी बाकावर एक नवरा-बायको पहिले त्रुटीपत्र घेऊन बसले होते. बायकोला दिवस गेले होते आणि त्यांना माळ्यावर खोली काढायची होती. अर्जदाराने बाईंकडे पाहिले, मग त्या दोघांकडे. बाई त्यांची फाईल उघडी टाकून पाणी प्यायला उठल्या आणि बराच वेळ पाणी प्यायल्या. अर्जदाराने खुणेने बोलावले तसे दोघांनी पेन्सिलीच्या आठ ओळी उतरवून घेतल्या आणि आठही दुरुस्त्या एकदम दिल्या. त्यांना नऊ आठवड्यांत परवानगी मिळाली. महोदय, नियम तेच, टेबल तेच, तपासणाऱ्या बाईही त्याच.

सबब विनंती की त्रुटीपत्रावर एका ओळीऐवजी बारा ओळी छापाव्यात आणि संगणकातील चौकट तितकीच वाढवावी. हाताने रेघा मारून नमुना जोडला आहे. पाणी पिण्याबद्दल सदर बाईंवर कोणतीही कारवाई होऊ नये. तसा विचार असल्यास हा अर्ज आलाच नाही असे समजावे.

६. अर्जदाराची स्वतःसाठी मागणी नाही. त्याची परवानगी गेल्या महिन्यात आली. त्याच्या एकोणीस दिवस आधी अक्का आपल्या मुलीकडे राहायला गेली. चौघांनी तिला खुर्चीत बसवून सतरा पायऱ्या उतरवले. लोकांदेखत असे उतरावे लागले म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. मुलीचे घर तळमजल्यावर आहे, तिथे ती अंगणापर्यंत चालते.

परवानगी आल्याचे अर्जदाराने फोनवर कळवले. ती म्हणाली, “मी आता परत येत नाही रे. पण तू बांध. म्हातारा तूही होणारच आहेस.”

त्याप्रमाणे काल पाया आखला आहे. कळावे.

आपल्या बाकावरचा,
(सही, निळ्या शाईत)
शिवणयंत्र दुरुस्तीवाला

दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे
सोबत : बारा ओळींच्या त्रुटीपत्राचा नमुना, एक प्रत.