बारा मॉसफेटची वाटणी

मी, सोमाजी लच्छू निमगडे, वय बासष्ट, धंदा साउंड सर्व्हिस, राहणार सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, आपल्या घरच्या ओसरीवर बसून, राजीखुशीने व कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहवून देत आहे. छातीत कळ येते, पुढच्या आठवड्यात नागपूरला दवाखान्यात जायचे आहे. पण डोके ठिकाणावर आहे. लिहून घेणारे अर्जनवीस वामनराव "भाऊ, मोजकं बोला" म्हणतात. मरायचे मला आहे, तेव्हा मी बोलेन तेवढे त्यांनी लिहावे.

कलम १. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी अंजनाबाई हिला. या कागदात जी वस्तू लिहायची राहील, किंवा जी कोणी घेणार नाही, तीही तिचीच. संसारभर तिने माझ्या भोंग्यांचा दणका सोसला आणि एकदाही "बंद करा" म्हटले नाही. म्हटले असल्यास मला ऐकू आले नसेल.

कलम २. भोंगे, माइक आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळायची हातचरखी थोरला मुलगा दादाजी याला. मीटर आणि सोल्डरिंगचे सगळे सामान धाकटा शीलवंत याला. गेल्या उन्हाळ्यात दोघे अबोला धरून वेगळे झाले तेव्हाच हे ज्याचे त्याच्या घरी गेले आहे. मी फक्त शिक्का मारतो.

कलम ३. मोठे मशीन. हा मॉसफेटचा ॲम्प्लिफायर मी आणि पोरांनी मिळून बांधला. मॉसफेट म्हणजे नव्या जातीचे ट्रान्झिस्टर, मुंबईहून मागवले, लोखंडी टोपीचे, बारा. त्यांना हात लावायच्या आधी अंगणातल्या हातपंपाला हात लावायचा, नाहीतर अंगातल्या विजेनेच ते मरतात. पोरे दिवसभर ओसरी ते हातपंप फेऱ्या मारत. चौदा एप्रिलच्या पहिल्या जयंतीला मशीन लावले तर आवाज पार स्टेशनापलीकडे गेला आणि कुठेही फाटला नाही. मी तेव्हा लोकांसमोर रडलो, त्याची लाज वाटत नाही.

या बारांत सहा एका प्रकारचे, सहा दुसऱ्या प्रकारचे. एक प्रकार ढकलतो, दुसरा ओढतो, तेव्हा भोंगा बोलतो. वाटणीला पंच म्हणून अंजनाबाईचे भाऊ रामाजी बसले. धान मोजणारा माणूस. त्यांनी नंबर पाहून सारखे-सारखे एकीकडे लावले, सहा दादाजीला, सहा शीलवंताला, आणि म्हणाले, "घ्या बरोबर अर्धं." म्हणजे ढकलणारे सगळे एका घरी, ओढणारे सगळे दुसऱ्या घरी! रामाजींना काय कळणार? पण हे दोन शहाणे कळत असून गप्प राहिले. कारण चूक सांगायची तर एकाला दुसऱ्याशी आधी बोलावे लागले असते. तेव्हापासून मशीन मुके आहे. मॉसफेट गरम झाले की आपला प्रवाह आपणच आवरतात. जुने ट्रान्झिस्टर गरम झाले की आणखी ओढतात आणि जळतात. माझी पोरे जुन्या ट्रान्झिस्टरवर गेली.

तरी ती माझीच आहेत, आणि माझा दोघांवर सारखा जीव आहे. म्हणून मोठे मशीन दोघांना समाईक. तोडायचे नाही, विकायचे नाही. जोडले तर वाजेल. मरणाआधी मला ते एकदा ऐकायचे आहे, दुसरी काही इच्छा नाही.

कलम ४. वरोऱ्याचे मंडपवाले श्रीहरी भर चौकात म्हणाले होते, "हे खेळणं दहा मिनिटात फुटते." मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांना अगत्याने बोलवावे, पोटभर जेवू घालावे, आणि भोंग्यासमोर बसवावे.

कलम ५. जो घेणार, त्याने साक्षीला बसू नये अशी रीत वामनरावांनी सांगितली. माझ्यापुरता तोच कायदा: जो साक्षीदार म्हणून सही करील, त्याचा मशीनवर हक्क राहणार नाही.

हे वाचून दाखवताच शीलवंत उठला. भावाशी बोलत नाही, म्हणून वामनरावांकडे पाहून म्हणाला, "मी सही करतो. दादाले लेकरं आहेत, मशीन त्याले राहू द्या." दादाजी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. तो म्हणाला, "काऊन? हात तं त्याचा चांगला आहे. माह्यानं नाई चालत ते. आणा इकडे पेन, मीच करतो." मग एका पेनासाठी दोघे असे भांडले की शेजारी जमले. किती महिन्यांनी एकमेकांना अरे-कारे करून राह्यले! मी मध्ये पडलो नाही. सही शेवटी दोघांनी केली.

म्हणून कलम ५ प्रमाणे मशीन कोणाचेच राहिले नाही आणि कलम १ प्रमाणे ते अंजनाबाईचे झाले. ती चुलीपासून उठून आली आणि म्हणाली, "मशीन माहं, तं त्याचे बाराही माहेच. जा, आणा दोघंही. आज संध्याकाळच्या आत वाजलं पायजे."

दोघे गेले आहेत. येथे वाढीव काही लिहायचे नाही.

लिहून देणार: सोमाजी लच्छू निमगडे
लिहून घेणार: वामनराव, अर्जनवीस
मुक्काम सिंदेवाही, दिनांक ९ नोव्हेंबर १९८६

साक्षीदार:
दादाजी सोमाजी निमगडे
शीलवंत सोमाजी निमगडे