फासळ्यांचं जहाज कोणाकडे जावं

मी, खाली सही करणारा, धंदा जहाजांच्या प्रतिकृती बनवणे (त्याआधी हाताला लागेल ते), लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुटलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. उद्या मी आमची जहाजं विकणाऱ्या दलालाच्या प्रदर्शनात हातोडा घेऊन जाणार आहे. जिवंत परत सोडणार नाही असं त्याच्या माणसांनी बजावलंय, म्हणून आजच निरवानिरव.

१. कपडे, स्टोव्ह, सायकल जो आधी येईल त्याची. सायकलचा ब्रेक लागत नाही. तिच्यावरूनच मी एकदा समुद्र बघायला निघालो आणि भलत्याच डोंगरात पोचलो, पण ते राहू दे.

२. मामाची हत्यारं माझ्या थोरल्या बहिणीला. ताई, पटाशीला धार आहे, बोटं सांभाळ. लाकूड आवळून धरायचा शिकंजा मात्र भंगारात घाल. त्यातच दलालाने मामाचा उजवा हात धरून दांडा फिरवला. हाडं मोडताना मी जिन्यात होतो, पोचेपर्यंत उशीर झाला. मामाचा गुन्हा एवढाच, की तो म्हणाला, "ठोकळ्यावर माझं नाव लावू नकोस."

हे समजावून सांगायला हवं. जाणकार गिऱ्हाईक नुसती शिडं बघून जहाज घेत नाही. डेकवरचं झाकण उचलून आत छोटा आरसा घालतो आणि फासळ्या बघतो. खऱ्या जहाजासारखी एकेक फासळी, तिच्यावर वाफेने वाकवलेली फळी, हाताने वळलेला दोर. जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही ज्याने लबाडी केली नाही, त्याच्या नावाला मोल येतं. दलाल भरीव ठोकळ्यावर पट्ट्या चिकटवतो, झाकण सरसाने बंद करतो आणि वर मामाचं नाव ठोकतो. मामा त्या हाताच्या दुखण्यातच गेला. त्याच्या नावाची जहाजं मात्र अजून निघतायत! उद्या ती गिऱ्हाइकांसमोर फोडायची आहेत.

३. दलालाचा पुढचा दात खिडकीतल्या बाटलीत आहे. गेल्या आठवड्यात माझ्या मुठीत राहिला. ज्याचा त्याला द्यावा.

४. मामाचं शेवटचं जहाज ताईला. फासळ्या मामाच्या, फळ्या माझ्या, तसंच त्यावर लिहावं. दलाल ते मागायला येईलच, कारण एक खरं जहाज काचेत ठेवलं की मागचे ठोकळे खपतात. तो दारात दिसला की ताईने जहाज फोडून टाकावं.

हे वाचून ताई म्हणाली, "मेल्या, जहाज कशाला फोडू? तो समोर उभा असेल ना?"

"ताई, हा कायद्याचा कागद आहे."

"मग कायद्याने लिही, की उद्या मीपण येतेय. मामा काय तुझ्या एकट्याचा होता?"

पुष्कळ भांडलो. ती ऐकत नाही. सबब कलम चार रद्द.

५. आम्ही दोघंही परतलो नाही, तर खानावळवाल्या मावशीने ते जहाज प्रदर्शनाच्या दारासमोर, भर रस्त्यात, झाकण काढून ठेवावं. ज्याला बघायचं त्याने वाकून बघावं.

सही: भाचा
साक्षीदार: शेजारचा शिंपी. कुलूपवाला (हातोडा माझा आहे, परत आणणे).
ठिकाण: मामाच्या कामाची खोली
दिनांक: प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपारी