बारापर्यंत उपाशी

४ मार्च, मंगळवार

शी! सकाळी सकाळी पुन्हा तेच. मी ब्रेडला लोणी लावतेय आणि नवरा माझ्यासमोर उभा राहून कोमट पाणी पितोय — लिंबू पिळलेलं, घोट घोट, आवाज करत. प्रत्येक घोटानंतर 'आऽऽ'. मग म्हणतो, "तुला माहितेय का, या क्षणी माझं शरीर स्वतःची साफसफाई करतंय."

"मग म्हणावं त्याला, बेसिनपण घासून टाक."

हसला नाही. चरबी कमी व्हायच्या आधी या माणसाचं हसणं कमी झालं.

सोळा तास उपाशी राहायचं, आठ तासांत काय ते खायचं. त्या आठ तासांना हा 'खिडकी' म्हणतो. खिडकी दुपारी बाराला उघडते, रात्री आठला बंद. उपास म्हटलं की याला राग. "उपास नव्हे गं, जीवनशैली!" जीवनशैलीच्या तोंडाला सकाळी असा वास मारतो की खोलीचे पडदे धुवायला काढावेत.

५ मार्च, बुधवार

फोनमध्ये घड्याळ लावलंय त्याने. खिडकी उघडली की टिंग वाजतं. आज त्याच्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल करून मला ती टिंग ऐकवली!! मी कामावर. हातात कवळीचं मेण. काय बोलायचं?

६ मार्च, गुरुवार

खरी चीड वेगळीच आहे, ती लिहून टाकते. अप्पा. याचे वडील. ऐंशी ओलांडलेला माणूस, आणि त्यांनीही सुरू केलंय हे थेर. "मलाही बारापर्यंत काही नको, सूनबाई. चहा तेवढा दे." काय छाती फुगली नवऱ्याची! जेवताना तीन वेळा बोलून दाखवलं, "बघ, या वयातही त्यांना पटलं. तुलाच पटत नाही."

मला पटत नाही, कारण मला डोळे आहेत. अप्पांच्या पट्ट्याला नवीन भोक पडलंय. खिळ्याने पाडलेलं, वेडंवाकडं. विचारलं तर म्हणाले, "हलकं वाटतं गं. फार छान वाटतं." बाप-लेक दोघेही 'हलकं, हलकं' करत घरभर फिरतात. घर आहे की फुग्यांचं दुकान?

८ मार्च, शनिवार

दिवसभर लोकांच्या तोंडाचे ठसे हाताळते मी. भिंतीपलीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई माप घेतात, ते माझ्या टेबलावर येतं — थुंकी सुकलेलं, कधी कुणाच्या जेवणाचा कण चिकटलेला. धुवायचं, प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा. इतकी वर्षं कवळ्या करतेय, एकदाही किळस आली नाही. तोंडं मी बघत नाही, ती डॉक्टरीणबाईंची. मी साचे बघते. साचा बोलत नाही, लिंबूपाणी पीत नाही, शहाणपण शिकवत नाही.

किळस येते ती घरी आल्यावर. आज नवरा सोफ्यावर शर्ट वर करून पोट चिमटीत धरून बसला होता. "हे बघ. हे बघ ना! आधी एवढं होतं." अरे, मी जेवतेय!

बरं, खोटं कशाला लिहू. त्याची जळजळ थांबलीय. उशाशी ती गुलाबी औषधाची बाटली असायची, तिच्यावर धूळ बसलीय. घोरणं निम्म्यावर आलंय. सकाळी स्वतःहून उठतो. पूर्वी हलवून हलवून माझा हात दुखायचा. म्हणजे फायदा होतोय त्याला. होतोय! याचीच जास्त चीड येते. फायदा झालेल्या माणसाचं तोंड कुणी बंद करायचं?

९ मार्च, रविवार

शेजारची मंडळी येऊन बसली होती. अप्पा छान तयार होऊन बाहेर आले, आणि हसले. सगळे बघतच राहिले. "अहो, काय दिसताय! दहा वर्षं मागे गेलात."

माझीच करामत ती! गेल्या महिन्यात त्यांची पूर्ण कवळी मी केली. वरची, खालची, दोन्ही. त्यांच्या तरुणपणचा फोटो आहे हॉलमध्ये — पुढच्या दोन दातांत बारीकशी फट, खट्याळ हसू. तो फोटो टेबलावर ठेवून दात बसवले. फटीसकट! मेणातली कवळी तोंडात घालून बघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "दात जरा मागे घ्यायचे का?" मी म्हटलं, "फोटो बघा, बाई." मग त्यांनीही घेतलं ऐकून. घरातलंच माणूस, आणि दात बसवण्यात माझा हात धरणारं इथे कुणी नाही, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात.

अप्पांनी आरसा हातात धरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदम फिट," म्हणाले. मीपण रडले, वेड्यासारखी.

त्यानंतर हे फास्टिंगचं खूळ. एवढे सुरेख दात दिले माणसाला, आणि माझ्या नवऱ्याने काय केलं? खाणं बंद केलं त्यांचं!

११ मार्च, मंगळवार

म्हटलं, बघूच काय जादू आहे ती. आज मीपण बारापर्यंत काही खाल्लं नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, त्याला आनंद झाला असता.

अकराच्या सुमाराला कामावर कवळ्यांना पॉलिश करणारी पोरगी माझ्यासमोर बिस्किट खात होती. तिच्या जबड्याचा कटकट आवाज! मी तिला म्हटलं, "गायीसारखं काय चघळतेस?" बिचारी उठून जिन्यात गेली. पण मग अर्ध्या तासाने भूक गेली. डोकं लख्ख. एक अवघड कवळी होती, कालपासून जमत नव्हती, ती एका बैठकीत झाली. दुपारी जेवले तर साधं वरण-भातसुद्धा पक्वान्न लागलं.

हे कुणाला सांगायचं नाही. ओठ शिवलेत.

१३ मार्च, गुरुवार

अप्पा बाथरूममधून भिंत धरत आले. "चक्कर?" "छे छे. उठताना जरा अंधारी आली." चेहरा पांढरा. मी नवऱ्याला बाजूला घेतलं. "बंद कर हे. तुझं तू कर, हवं तर हवा खाऊन जग. त्यांना भरवायचं. सकाळी, दुपारी, रात्री."

तर काय म्हणतो? "मी नाही सांगितलं त्यांना. त्यांनीच मला विचारलं, कसं करतात म्हणून."

थापा! ऐंशी वर्षांचा माणूस, नाश्त्याला दोन अंडी आणि वर आणखी ब्रेड खाणारा. तो आपणहून विचारेल? ही तुझी रोजची पोपटपंची कानावर पडून झालंय सगळं. एवढं तोंडावर बोलले. तो फोन घेऊन गच्चीत गेला. तिथे पावलं मोजतो हल्ली.

१५ मार्च, शनिवार

नणंदेचा फोन. अप्पांशी व्हिडिओवर बोलली आणि मग मला धरलं. "वहिनी, गालफडं बसलीत त्यांची! तुम्ही त्यांना उपाशी ठेवता का?" मी! मी उपाशी ठेवते!! मी तिच्या भावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, पण तिने ऐकून घेतलं तर ना. "पुढच्या रविवारी येते आणि घेऊन जाते त्यांना. माझ्याकडे निदान पोटभर जेवतील."

अप्पांना जायचं नाही. आतल्या खोलीतून त्यांनी सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर बाहेर आले. "मला कुठे पाठवू नका, सूनबाई. मी इथे सुखात आहे." मग ते हसले. तेच हसू. तेव्हा तर मला रडूच आलं.

१७ मार्च, सोमवार

एक कवळी परत आली. एका म्हाताऱ्या बाईंनी वर्षभर कपाटात ठेवली होती, टोचत होती म्हणून! अहो, मग बोलायचं ना? परत यायचं, आ करायचं, जिथे रुतते तिथे घासून देतो आम्ही. पाच मिनिटांचं काम. "डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." ऐका! स्वतः वर्षभर पेज पीत बसल्या आणि काळजी कुणाची, तर डॉक्टरांची. अशा माणसांचा मला वीट येतो. तोंड आहे पण उघडायचं नाही.

१८ मार्च, मंगळवार

अप्पांची खिडकी म्हणजे काय, ते आज नीट बघितलं. बाराला टिंग झालं (नवरा आज घरून काम करत होता, मला सुट्टी होती). त्याने ताट वाढून घेतलं आणि अधाशासारखा तुटून पडला. शिताशिताचा आवाज! पाहवेना. अप्पांनी वाटीभर सूप घेतलं, दुधात ब्रेड बुडवला, आणि "मी आत बसून खातो" म्हणून खोलीत गेले. दार लोटून घेतलं. मागून भाजी घेऊन गेले तर म्हणाले, "नको गं, भूकच मरते या फास्टिंगने. हाच तर त्याचा मोठा फायदा."

शब्द नवऱ्याचे, तोंड अप्पांचं. असा संताप आला की भाजी परत नेऊन नवऱ्याच्याच ताटात आपटली. त्याने खाल्ली.

२० मार्च, गुरुवार

अप्पांना डॉक्टरकडे नेलं. साध्या, आपल्या कोपऱ्यावरच्या. रक्त चांगलं, साखर चांगली, हृदय चांगलं. "वजन फार उतरलंय. खायला घाला." एवढंच! मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा जमिनीकडे बघत होता. घरी येताना पहिल्यांदाच शरीराच्या साफसफाईबद्दल अवाक्षर नाही.

रात्री आपणहून म्हणाला, "मी अप्पांना सांगितलं, तुम्ही सोडा हे. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, नको, सोडायला लावू नकोस." पण म्हणून मी विरघळले नाही. आग लावली कुणी?

२२ मार्च, शनिवार

उद्या नणंद येणार. शेवटचा प्रयत्न. नवऱ्याला भाजी आणायला पिटाळलं, सफरचंद चिरलं, बारीक फोडी केल्या आणि अप्पांसमोर बसले. "माझ्यासमोर खा. खिडकी गेली खड्ड्यात."

त्यांनी एक फोड उचलली. किती वेळ चावली! एवढा वेळ की मी रडकुंडीला आले. गिळली तेव्हा डोळे पाण्याने भरले होते. "गोड आहे," म्हणाले. "झालं माझं. तृप्त झालो."

एका फोडीत तृप्त! आतडी आवळली त्यांची, दुसरं काय. खायची वासनाच मारून टाकली या उपाशी पंथाने. नवरा भाजी घेऊन आला तर मी त्याला दारातच सुनावलं — तू बापाला मारतोयस, तुझं ते लिंबूपाणी बघितलं की मला ओकारी येते, उद्या बहीण आली की तूच दे तिला उत्तर. आतून अप्पांचा आवाज आला, "त्याला बोलू नकोस गं. त्याची काही चूक नाही."

पाठीशी घालतात. बाप ना शेवटी.

त्यांची बॅग मीच भरली. पट्टा ठेवताना भोकं बघितली. आता तीन आहेत.

२३ मार्च, रविवार

नणंद यायची म्हणून लवकर उठले. स्वयंपाकघरात दिवा. अप्पा ओट्याशी पाठमोरे उभे. कवळी शेजारी, वाटीत. काट्याने कुस्करलेलं केळं, त्यावर दूध, आणि चमच्यामागून चमचा — श्वास घ्यायलाही उसंत नाही. भूक मेलेला माणूस!

माझी चाहूल लागली. घाईघाईने वाटीत हात घातला, कवळी तोंडात बसवली. एक डोळा गच्च मिटला, उघडला. वळून हसले. फोटोतलं हसू. खालच्या दातांच्या कडेने रक्ताची बारीक रेघ.

"त्याला सांगू नकोस हं. खिडकीच्या आधीच खाल्लं मी."

दात मी बसवले. फोटो बघून. हिरडी बघितलीच नाही.

उजेडात खुर्ची ओढली. हात धुतले.

"आ करा, अप्पा."