तुझ्या मालिकेतली आई

बिरवाडी,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय बुद्धरत्न,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण परवा वरंधला लग्नाला जाऊन आले, म्हणजे फार काही नाही. मागच्या खोलीत नवे भाडेकरू आलेत. कंपनीत रात्रपाळी करतात आणि दिवसा घोरतात.

शेजारच्या चंपाबाईंनी मोठा टीव्ही घेतलाय. तू लिहिलेल्या अंतराळाच्या तिन्ही मालिका आम्ही दोघींनी त्यावर पाहिल्या, एकही भाग न चुकवता. यानातलं मला कळत नाही, पण माणसं कळतात. तीस वर्षं शाळेत शिकवलंय. तुझा तो पाण्याच्या टाकीवरचा म्हातारा कामगार फार आवडला. काम करण्याआधी घड्याळ काढून खिशात ठेवतो, रुसला की डबा न उघडता परत नेतो. आपल्या गल्लीत असे चार सापडतील. कप्तान बाईसुद्धा खरी. चूक स्वतःची आणि ओरडते दुसऱ्यावर!

मग आईच का रे अशी? तिन्ही मालिकांत नायकाची आई पहिल्या भागाआधीच मेलेली. हसरा फोटो, आणि पोरगा संकटात सापडला की तिचा आवाज, "बाळा, स्वतःवर विश्वास ठेव." मी जन्मात तुला बाळा म्हटलेलं नाही. माझा आवाज भरून ठेवला असतास तर "ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस" एवढंच ऐकू आलं असतं.

तिसऱ्या मालिकेला चंपाबाई म्हणाल्या, "गो ललिता, ह्यो आईला दरवेळी मारतो कशाला? तू तर चांगली धडधाकट हायस." मी हसले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर म्हटलं असतं, सगळेच असं लिहितात, सोपं पडतं. पण तुझं कुठून आलं ते मला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी तू कंपनीतली कायम नोकरी सोडून निघालास, तेव्हा मीच म्हटलं होतं, "गेलास तर मी मेले असं समज." लहानपणी माझी एक गोष्ट ऐकली नाहीस, आणि नेमकी हीच ऐकलीस.

मी भ्याले होते रे. तुझे वडील गेल्यावर तुला एकटीने वाढवताना जी भीती पोटात बसली, ती त्या दिवशी राग होऊन बाहेर पडली. चूक माझी होती. त्यानंतर कितीदा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला.

तुझ्या लिहिण्यात लुडबूड करत नाही. पण पुढच्या मालिकेत आई घातलीस तर हट्टी असू दे, तोंडाळ असू दे. माफी मागायला तिला चार वर्षं लागू देत.

काल महाडला बँकेत पेन्शनसाठी हयातीचा दाखला देऊन आले. दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं बँकेला न चुकता सांगते. तुला एकदाही सांगितलं नाही, हे तिथे रांगेत उभी असताना लक्षात आलं.

म्हणून येत्या रविवारी सकाळच्या एसटीने तुझ्याकडे येतेय. पत्राआधी मीच पोचले तर आधी पाणी दे, वाचायचं नंतर बघू. दार उघडावंसं वाटलं नाही, तर बाहेर पायरीवर बसेन. मला घाई नाही.

वाट बघणारी,
तुझी आई