धोंडिबाचा गणिताचा पाठ

भोर, सोम. ३ सप्टें. १९५६
ट्रेनिंग कॉलेजात आज धोंडिबाचा पाठ. अंकगणित. आमच्या होऊ घातलेल्या मास्तरांत वेल्ह्याच्या डोंगरातला, धनगराचा, असा हा एकटाच. उदाहरण कळपाचं घेतलेलं. मागनं कुणीतरी विचारलं, तुझ्या घरी मेंढरं किती रे? म्हणाला, "आमी मोजत न्हाई. मोजली की दिष्ट लागती." वर्गात हशा पिकला. गणित शिकवणार नि मेंढरं मोजत नाही! पाठ तपासायला बसलेला मीही हसलो. चांगला खळखळून.

मंगळ. ४
चहा गोड लागेना. आमच्या घरी तरी कोण मोजत होतं? सांजच्याला मेंढरं आत येताना आई नुसती नजर फिरवायची नि म्हणायची, भुंडी आली न्हाई. हे इथं कुणाला ठाऊक नाही. नोकरीला लागल्यापासून मी आपला 'पुण्याकडचा'. खोटं बोललो नाही, कुणी विचारलंच नाही. वा रे वा मी.

गुरु. ६
धोंडिबा दोन दिवस गैरहजर. खोलीतला सोबती सांगतो, ट्रंक भरतोय, शनिवारी गावी जाणार, मास्तरकी आपलं काम नव्हे म्हणतो. पोरांना काय बोलायचं? मास्तर हसला की ती हसायला मोकळी.

शुक्र. ७
खोलीवर गेलो. म्हटलं, उद्याच्या तासाला बस, मग खुशाल जा. "बगतो" म्हणाला. वर पाहिलं नाही.

शनि. ८
आला. दाराशी बसला.
हजेरीपट मिटलेलाच ठेवला. वर्गावरनं नजर फिरवली नि म्हटलं, उत्रोलीचा गणपत नाही, खिडकीपाशचा चष्मेवाला नाही. ताडून पाहिलं, बरोबर! वर्ग चाट. मलाच नवल, इतक्या वर्षांत कधी करून पाहिलं नव्हतं. मग सांगून टाकलं, मी धनगराचा, आईकडनं आलंय हे. बोलता बोलता 'म्या', 'न्हाई' तोंडात आलं. येऊ दिलं. कुणी हसलं नाही. उलट प्रश्नच प्रश्न. मेंढरं ओळखायची कशावरनं, तोंडावरनं की चालीवरनं? सगळी काळीच असली तर? पाठीमागनं? मी हुरळलोच.

तास सुटला तरी धोंडिबा जागचा हलला नाही. विचारलं, आता राहशील ना?
"त्ये बगू. पर सर, तुमाला समदं ठावं हुतं. मग तुमी त्या दिशी का हसला?"
सोमवारी सांगतो म्हटलं. सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला.
काय सांगू त्याला? दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. उद्या रविवार.